आईबाबांचा फ्लॅट विकायचा आहे, घेणाऱ्याला काय काय सांगायचं?

निशिगंध
पुण्यात सहकारनगरच्या बाजूला, आंबिल ओढ्यापासून जवळच आईबाबांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत १९९४ ची, आमचं घर पहिल्या मजल्यावर. बाबा गेले, आई आता माझ्याकडे असते, त्यामुळे विकायचं ठरलंय. एजंट पहिल्याच भेटीत म्हणाला, "ताई, मे महिन्यातच रंग काढून घ्या. पाऊस सुरू व्हायच्या आत टोकन होऊन जाईल." भावाचंही तेच म्हणणं आहे. मला ते पटत नाहीये, पण नेमकं काय सांगायला हवं हेही कळत नाहीये.

घर बघायला येणाऱ्याला दिसणार नाहीत पण मला ठाऊक आहेत अशा गोष्टी या.

पश्चिमेच्या बेडरूममध्ये खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून पावसाळ्यात ओल येते. जुलैच्या अखेरीस तिथे पोपडे धरतात, हात लावला की चुना खाली पडतो. दिवाळीला रंग दिला की पुढच्या पावसापर्यंत काही दिसत नाही. टॉयलेटच्या छतावर वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपतं. हॉलची बाल्कनी बाबांनी भिंत घालून आत घेतली, त्याची परवानगी नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा पार्किंगमध्ये कमरेच्या वर पाणी होतं आणि मीटरची खोली बुडाली होती. घरात पाणी आलं नाही.

आणि शेवटचं लिहायला जड जातंय. माझ्या धाकट्या काकांनी याच घरात आत्महत्या केली. त्याला खूप वर्षं झाली. त्यानंतर आम्ही सगळे तिथेच राहिलो, माझं लग्न त्याच घरातून झालं.

यातलं काय सांगावं, कधी सांगावं, लिहून द्यावं का? कुणी घर विकलं किंवा घेतलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

चौथा_मजला
सगळं सांगा. मी दुसऱ्या बाजूने बोलतोय.

ठाण्यात रिसेलचा फ्लॅट घेतला. एप्रिलमध्ये पाहिला. ताजा रंग, नवं पीओपी, हॉलच्या एका भिंतीला लाकडी पॅनेल. बायकोला ते पॅनेल इतकं आवडलं की त्याच्यामुळेच घर मनात भरलं. जुलैत पॅनेलच्या खालून पाणी यायला लागलं. सुताराला बोलावून ते उतरवलं तर मागे अख्खी भिंत काळी, प्लायवूड बोटांनी तुटत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, ही गळती जुनी आहे. आधीच्यांनी सोसायटीला किती पत्रं दिली होती!" म्हणजे मालकाला माहीत होतं, सोसायटीला माहीत होतं, अख्ख्या विंगला माहीत होतं. आम्हालाच नव्हतं.

मुलाला दम्याचा त्रास आहे. आधी कळलं असतं तर कदाचित तेच घर भाव कमी करून घेतलं असतं, भिंत आधी दुरुस्त केली असती आणि मग राहायला गेलो असतो. तो निर्णय आमचा होता. तो आमच्या हातातून काढून घेतला गेला याचा राग अजून आहे.

दस्तऐवज
मी वकील आहे, मालमत्तेचीच कामं करते. कायदा काय म्हणतो ते आधी सांगते, कारण "रिसेलमध्ये विकणाऱ्यावर काहीच बंधन नसतं" असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते खरं नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५५(१)(अ) नुसार मालमत्तेत किंवा विकणाऱ्याच्या मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि घेणाऱ्याने सामान्य काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं हे कपट आहे असं त्याच कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय.

"सामान्य काळजी" या शब्दांवर बरंच अवलंबून असतं. दारासमोर कचराकुंडी असेल तर ती दिसते, सांगायची गरज नाही. जुलैत येणारी ओल एप्रिलमध्ये दिसत नाही, ती सांगायची.

रंगाबद्दल वेगळं सांगते, कारण तुमचा एजंट तिथेच चुकतोय. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७ मध्ये कपटाच्या व्याख्येत "माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणे" हा स्वतंत्र प्रकार आहे. नुसतं गप्प बसण्याबाबत कायदा काहीसा सैल आहे. गप्प बसून फसवलं असेल तरी घेणाऱ्याला साध्या चौकशीत सत्य कळण्यासारखं होतं का, हे कलम १९ मध्ये बघितलं जातं. पण डाग झाकण्यासाठी मुद्दाम रंग दिला किंवा पॅनेल ठोकलं तर ती सवलत मिळत नाही. घर नीटनेटकं दिसावं म्हणून रंग द्यायला कुणाची ना नाही. रंग द्या आणि सोबत सांगा, की या कोपऱ्यात ओल येते.

काही करारांत "जसे आहे तसे, जेथे आहे तेथे" असं वाक्य टाकतात. कलम ५५ ची सुरुवातच "याविरुद्ध करार नसेल तर" अशी असल्यामुळे त्या वाक्याला काही अर्थ आहे. पण माहीत असलेली गोष्ट लपवून वर ते वाक्य टाकलं म्हणून कपट धुऊन निघत नाही.

घर बिल्डरकडून मिळून पाच वर्षं झाली नसतील तर मात्र स्थिती वेगळी. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बांधकामातला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिला तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो, आणि त्या कायद्यातल्या घर घेणाऱ्याच्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो. निशिगंध, तुमची इमारत १९९४ ची, तिथे याचा उपयोग नाही.

घरभेट
मी पुण्यात एजंट म्हणून काम करतो. आमच्या धंद्याची बाजूही ऐका.

जाहिरातीत "ओल येते, ओढ्याला पूर येतो" असं लिहिलं तर एकही फोन येणार नाही. शेजारच्या इमारतीतला तसाच फ्लॅट, तशीच ओल, पण तो मालक काही बोलत नाही आणि त्याचं घर आठवड्यात जातं. खरं बोलणाऱ्याचं नुकसान होतं हे मी डोळ्यांनी पाहतो. म्हणून मी माझ्या मालकांना सांगतो, की पहिल्या भेटीत घर दाखवा. माणूस दुसऱ्यांदा घरच्यांना घेऊन आला की तो मनापासून घेणारा. त्या वेळी समोर बसवून सगळं सांगा. टोकनचा चेक हातात घेण्याआधी. टोकन घेतल्यावर सांगणं सगळ्यात वाईट, तिथे भांडणं होतात आणि पैसे परत मागायला लोक सोसायटीच्या दारात उभे राहतात.

बाल्कनीचं तर सांगावंच लागेल. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा घेऊन येतो आणि बांधकाम नकाशाबाहेर आहे असं रिपोर्टमध्ये लिहितो. मग कर्ज अडतं किंवा कमी मिळतं आणि घेणाऱ्याची ऐनवेळी धावपळ होते. ज्याला सुरुवातीला माहीत असतं तो तशी बँक बघतो.

काकांचं मात्र सांगू नका, असं मला मनापासून वाटतं. त्याने घराच्या भिंतीला काही झालेलं नाही.

ओळंबा
सिव्हिल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. या यादीत सगळ्यात गंभीर बाब बाल्कनीची आहे, आणि ती कर्जामुळे नाही.

बाल्कनीचा स्लॅब एका बाजूने धरलेला आणि तीन बाजूंनी मोकळा असतो. माणसं, कुंड्या, कपडे वाळत घालायचा स्टँड एवढं धरून त्यात सळया टाकलेल्या असतात. त्याच्या अगदी टोकाला चार इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली, छतापर्यंत भिंत घातली तर एका मीटर लांबीला सात-आठशे किलो वजन येतं. तेही टोकावर, जिथे ते सगळ्यात जास्त त्रास देतं. अशा स्लॅबच्या मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, त्यामुळे भेग पडते ती लादीच्या खाली, वरून दिसत नाही. खालून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. ताई, तुमच्या बाबांनी विटांची भिंत घातली की ॲल्युमिनियमच्या चौकटीत काचा लावल्या? काचा असतील तर काळजी फारच कमी. विटा असतील तर जुन्या हॉलची लादी आणि बाल्कनीची लादी जिथे मिळते त्या रेषेत भेग आहे का, बाल्कनीकडे उतार वाढलाय का ते बघा. गोटी ठेवून बघितली तरी कळतं.

पश्चिमेच्या ओलीबद्दल: आपल्याकडचा पाऊस बराचसा पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे ती भिंत जास्त भिजते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातूनच ओल येत असेल तर दोन शक्यता. एक, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याचा उतार आतल्या बाजूला झालाय. दोन, चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा उघडलाय. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे, पण बाहेरून. आतून कितीही वॉटरप्रूफ रंग लावा, पाणी भिंतीत शिरलेलंच असतं, ते दुसरीकडून वाट काढतं.

टॉयलेटच्या छताला हातोडीने हलके ठोके मारा. भरीव आवाज आला तर नुसता ओलावा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय, कदाचित आतली सळी गंजून फुगली आहे. सळी उघडी दिसत असेल तर हे घेणाऱ्याला सांगायलाच हवं आणि शक्यतो दाखवायला हवं. ओल नेमकी वरच्यांच्या फरशीतून येते की पाइपातून, हे कळायला त्यांच्या बाथरूममधलं पाणी जायचं भोक बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवतात. पाण्यात थोडा रंग मिसळला की खाली दिसतो. वरच्यांनी हो म्हणायला हवं, एवढीच अडचण.

निशिगंध
बाल्कनीला विटांचीच भिंत आहे. हे कुणी कधी बोललंच नव्हतं. ओळंबा, तुम्ही म्हणता त्या रेषेत एक लादी थोडी वर आलेली आहे, आई तिथे पायपुसणं टाकायची. उद्या जाऊन नीट बघते.

घरभेट, दुसऱ्या भेटीत सांगण्याची सूचना आवडली. पण काकांबद्दल माझं मन अजून ठरत नाही. इमारतीतल्या जुन्या लोकांना माहीत आहे. नवीन माणसं राहायला आली की कुणीतरी सांगणारच.

इतिवृत्त
डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. इथे आत्तापर्यंत भिंतीबद्दल बोलणं झालं, पण भांडणं जास्त कागदावरच्या गोष्टींची होतात.

पहिलं, निशिगंध, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? बाबांच्या नावावर असेल आणि नॉमिनेशन आईचं असेल तर आई मालक झाल्या असं होत नाही. नॉमिनीला सोसायटी तात्पुरती सभासद करून घेते. मालकी वारसांची. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि भाऊ तिघांचे सारखे हिस्से. तुम्ही दोघांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्या किंवा तिघांनी सह्या करा. हे घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा. आमच्याकडे एका व्यवहारात टोकन झाल्यावर दुबईतली बहीण उगवली आणि सगळं थांबलं.

दुसरं, पार्किंग. "एक स्टिल्ट पार्किंगसह" (म्हणजे इमारतीखाली खांबांमधली जागा) असं सर्रास सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलंय की स्टिल्ट पार्किंग ही बिल्डरने वेगळी विकायची वस्तू नाही, ती सामायिक जागा आहे. तुम्हाला सोसायटीने जागा नेमून दिली असेल तर तसंच सांगा. नवीन सभासदाला तीच मिळेल असं कबूल करू नका.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सोसायटीत काय चाललंय हे बाहेरच्या माणसाला कळूच शकत नाही. सभेची इतिवृत्तं पाहायचा हक्क सभासदाला असतो, आणि घर घेणारा अजून सभासद नसतो. पुनर्विकासाचा ठराव झालाय का, बिल्डरशी वाद कोर्टात आहे का, अभिहस्तांतरण झालंय की जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी पन्नास हजार काढायचं ठरलंय का. हे विकणाऱ्यालाच ठाऊक. शेवटच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांच्या प्रती घेणाऱ्याच्या हातात द्या.

इमारत १९९४ ची म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. झालं असेल तर अहवाल द्या. झालं नसेल तर झालं नाही असं सांगा.

आणि तुमच्या फायद्याचं एक सांगतो. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर ती दुरुस्ती उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. वरच्यांच्या बाथरूमची गळती मात्र त्या त्या सभासदांनी बघायची. पश्चिमेच्या भिंतीसाठी आजच सोसायटीला लेखी अर्ज द्या.

कृष्णाकाठ
पुराबद्दल मी लिहिते, सांगलीची आहे.

आमच्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी पोरांनाही पाठ असते. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. २००५ ला ज्यांच्या पायरीला पाणी लागलं होतं त्यांच्या घरात शिरलं. पुढे २०२१ ला परत आलं. घर विकताना लोक पहिलं काय करतात, तर भिंतीवरची गाळाची रेघ घालवतात. खाली साडेतीन फुटांपर्यंत टाइल्स लावतात आणि "धुवायला सोपं म्हणून लावल्यात" असं सांगतात. बाहेरगावचा माणूस बँकेत बदलून येतो, स्वस्त घर मिळालं म्हणून खूश होतो, आणि ऑगस्टमध्ये गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन बाहेर पडतो.

पाटबंधारे खातं नदीच्या पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या एका पुराची. निळीच्या आत नवीन बांधकाम करायचं नाही, दोन्हींच्या मध्ये अटींवर करता येतं. आपली इमारत या रेषांच्या कुठे येते ते विकणाऱ्याने बघून सांगावं. पण रेषेवर विसंबून "आमचं घर रेषेबाहेर आहे" एवढंच सांगणं प्रामाणिक नाही. प्रत्यक्ष पाणी कुठपर्यंत आलं ते सांगा. पायरी, जोतं, खिडकी, पंखा. तारखेसकट. पुराच्या पंचनाम्याची प्रत असेल तर दाखवा, त्यात पाणी किती चढलं होतं याची नोंद सापडते.

निशिगंध, तुमचं घर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे कुणी म्हणेल की घरात आलं नाही तर कशाला सांगायचं. पण मीटरची खोली बुडते म्हणजे वीज जाते, पंप बंद पडतो, लिफ्ट असेल तर ती बंद, गाडी पाण्याखाली. घेणाऱ्याच्या घरात म्हातारं माणूस ऑक्सिजनवर असेल तर हे त्याला कळायलाच हवं. आणि मीटर त्यानंतर वर हलवलेत का, तेही सांगा. हलवले असतील तर ती चांगली बाजू आहे, तीही सांगायची असते.

चौथा_मजला
मीटर वर हलवले असतील तर मी तो फ्लॅट जास्त विश्वासाने घेईन. काय घडलं आणि मग काय केलं, हे दोन्ही कळलं की घर समजतं.

मांडवी
गोव्याचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा इथे असल्यामुळे. लग्नानंतर साधारणपणे मालमत्ता नवरा-बायको दोघांची समाईक धरली जाते. त्यामुळे कागदावर एकाचंच नाव असलं तरी विक्रीपत्रावर दोघांची सही लागते, आणि वारसांमध्ये भाऊ-बहिणींसोबत त्यांचे नवरे-बायकाही येतात. जुनं घर-भाट (घर आणि बागायत) विकताना सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट म्हणजे मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा माणूस. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढता येत नाही. मुंबई-पुण्याहून येऊन जुनं घर घेणाऱ्यांना मागच्या बाजूच्या छोट्या घरातली माणसं "राखणदार" म्हणून दाखवतात. ती पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी असतात आणि त्यांचा हक्क असतो. हे न सांगणं घेणाऱ्यावर आणि त्या माणसांवर, दोघांवर अन्याय आहे.

सनीव्हेल
कॅलिफोर्नियात घर घेतलं तेव्हा विकणाऱ्याने भरलेला जाडजूड फॉर्म मिळाला होता. छत कधी गळलं, परवानगीशिवाय काय बांधलं, शेजाऱ्यांशी कुंपणावरून वाद आहे का, पूर-वणवा-भूकंपाच्या क्षेत्रात घर येतं का. एकेका प्रश्नापुढे हो किंवा नाही आणि खाली सही. आमच्या विकणाऱ्या बाईंनी तर गॅरेजचं दार थंडीत अडकतं हेही लिहिलं होतं.

मृत्यूबद्दल तिथे नियम आहे, निशिगंध यांना उपयोगी पडेल म्हणून सांगते. घरात तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला असेल तर सांगायचं. त्याच्या आधीचा असेल तर आपणहून सांगितला नाही म्हणून दावा होत नाही. पण घेणाऱ्याने थेट विचारलं तर खोटं उत्तर देता येत नाही, मग कितीही वर्षं झालेली असोत. हा नियम येण्याआधी १९८३ मध्ये तिथल्या कोर्टात एक प्रकरण गेलं होतं. घरात दहा वर्षांपूर्वी एका बाईचा आणि चार मुलांचा खून झाला होता, म्हाताऱ्या बाईंनी ते घर घेतलं आणि नंतर शेजाऱ्याकडून त्यांना कळलं. कोर्टाने त्यांचा दावा ऐकण्याजोगा आहे असं ठरवलं, कारण त्या इतिहासाने घराची किंमत खरोखर कमी होत होती.

दस्तऐवज
आपल्याकडे मृत्यूबद्दल असा वेगळा नियम नाही. कलम ५५ मधला "मालमत्तेतला दोष" म्हणजे प्रामुख्याने बांधकाम, जमीन, वापर यातला दोष. खूप वर्षांपूर्वीची आत्महत्या त्यात बसवणं कठीण आहे, असं माझं मत. तुम्ही गप्प राहिलात तर कायदा तुमच्या मागे लागेल असं मला वाटत नाही. विचारलं तर मात्र "नाही" म्हणू नका. तिथून गोष्ट वेगळी होते.

पाचवी_गल्ली
कायदा बाजूला ठेवून सांगते. नाशिकमध्ये आम्ही एक घर घेतलं. सहा-सात महिन्यांनी हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी स्वयंपाकघराकडे बघत विचारलं, "तुम्हाला इथे भीती नाही वाटत?" आधीच्या सुनेने तिथे जाळून घेतलं होतं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण त्या दिवसापासून सासूबाई त्या ओट्यापाशी एकट्या उभ्या राहिल्या नाहीत. शेवटी आम्ही ते घर सोडलं. आधी सांगितलं असतं तर सासूबाईंना विचारून नको म्हटलं असतं, इतकंच. त्यांच्या मनाचा प्रश्न होता आणि तो त्यांना सोडवायची संधी मिळाली नाही.

घरभेट
ताई, तुमचं म्हणणं मान्य. पण निशिगंध यांच्याकडे त्यानंतर कुटुंब तिथेच राहिलं, लग्नकार्य झालं. आणि हे त्यांच्या घरातलं दुःख आहे. घर बघायला येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसासमोर ते उघडं करायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

कृष्णाकाठ
प्रत्येकासमोर नाही, जो घेतोय त्याच्यासमोर. एकदाच. आणि तपशील सांगायची काहीच गरज नाही. "आमच्या घरातल्या एका माणसाने इथे जीव दिला होता, खूप वर्षं झाली, त्यानंतर आम्ही इथे आनंदाने राहिलो." एवढं एक वाक्य पुरे. पुढे विचारलं तर सांगायचं की नाही ते तुमच्यावर. इमारतीतल्या लोकांना माहीत आहे म्हणजे ते त्यांच्यापर्यंत पोहोचणारच. तुमच्या तोंडून नीट पोहोचलेलं बरं, कुणाच्या चहाच्या गप्पांतून तिखटमीठ लावून पोहोचण्यापेक्षा.

निशिगंध
काल आईशी बोलले. काकांचा विषय आमच्या घरात कधी निघत नाही, म्हणून धाकधूक होती. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सांग. माझ्या दिराचं नाव कुणी बाहेरचं कुजबुजत घेईल ते मला नको." तेव्हा हे ठरलं.

भावाला चौथा_मजला यांची पोस्ट वाचून दाखवली. त्याची मुलगी लहान आहे, दम्याचं ऐकून तो जरा थांबला. भाव थोडा कमी करावा लागेल हे त्याने मान्य केलंय. फ्लॅट बाबांच्याच नावावर आहे, मृत्युपत्र नाही, त्यामुळे तिघांच्या सह्या. बाल्कनीसाठी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलंय. त्यांनी भिंत काढा म्हटलं तर विकायच्या आधी काढणार.

दस्तऐवज, हे करारात कसं लिहायचं? वेगळ्या कागदावर की आतच?

दस्तऐवज
करारातच, परिशिष्ट म्हणून, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह. तुमच्या वकिलांना दाखवा, पण मसुदा साधारण असा असू शकतो:

"लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना खालील बाबी इसाराची रक्कम स्वीकारण्यापूर्वी सांगितल्या असून शक्य त्या प्रत्यक्ष जागेवर दाखवल्या आहेत. पश्चिमेकडील शयनगृहाच्या बाह्य भिंतीतून खिडकीखालील डाव्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते. याबाबत संस्थेस लेखी अर्ज दिला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. प्रसाधनगृहाच्या छतास वरील सदनिकेच्या स्नानगृहातून गळती आहे. दिवाणखान्याची बाल्कनी मंजूर नकाशात दर्शविल्याव्यतिरिक्त विटांची भिंत बांधून बंदिस्त केलेली आहे. तिची तपासणी केलेल्या अभियंत्याचा अहवाल सोबत जोडला आहे. दिनांक २५/०९/२०१९ रोजी पुराचे पाणी इमारतीच्या वाहनतळात व मीटर खोलीत शिरले होते. सदर सदनिकेत शिरले नव्हते. लिहून देणार यांच्या माहितीप्रमाणे संस्थेच्या पुनर्विकासाबाबत व न्यायप्रविष्ट वादाबाबतची स्थिती सोबतच्या इतिवृत्तांप्रमाणे आहे."

बाल्कनीची भिंत विक्रीआधी काढलीत तर ते वाक्य त्याप्रमाणे बदलायचं. "लिहून देणार यांच्या माहितीप्रमाणे" हे शब्द पुढे घातलेत ते मुद्दाम. तुम्हाला जे माहीत नाही त्याची हमी देऊ नका. काकांबद्दलचं करारात लिहू नका. करार नोंदवला जातो आणि त्याची नक्कल पुढे कुणीही काढू शकतं. ते तोंडी सांगा, हवं तर कृष्णाकाठ यांनी लिहिलेलं वाक्य वापरा.

असं लिहिल्याने तुम्ही अडकाल अशी भीती भावाला वाटत असेल तर त्याला सांगा, की उलट आहे. जी गोष्ट सांगून सही घेतली, ती लपवली म्हणून कुणी तुमच्यावर दावा करू शकत नाही.

सावली
मध्येच विचारते. मी वाघोलीत फ्लॅट बघतेय. मालक म्हणतात पाण्याचा काहीच त्रास नाही. हे कसं तपासायचं? आणि टँकरचं सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे का?

इतिवृत्त
सावली, सोसायटीच्या हिशोबात टँकरचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. मालकांकडे मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि मार्च ते जूनची मेंटेनन्सची बिलं मागा. उन्हाळ्याच्या महिन्यांत पाण्यासाठी जादा वर्गणी लावली असेल तर बिलात दिसेल. पिण्याचं पाणी महापालिकेचं आहे की बोअरचं, हेही स्पष्ट विचारा. विचारलेलं आणि मिळालेलं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी असू द्या, कारण थेट प्रश्नाला खोटं उत्तर देणं हे गप्प बसण्यापेक्षा कितीतरी गंभीर धरलं जातं.

निशिगंध, सोसायटीला द्यायचा अर्ज सेक्रेटरीच्या नावाने दोन प्रतींत करा. ओलीचे मागच्या पावसाळ्यातले फोटो असतील तर तारखेसकट जोडा. एका प्रतीवर शिक्का आणि सहीची पोच घ्या. नंतर करारासोबत जोडायची ती हीच पोच असलेली प्रत. घेणाऱ्याला सभासद करून घेताना सोसायटी हस्तांतरण अधिमूल्य (प्रीमियम) घेईल, ते २५,००० रुपयांच्या वर मागता येत नाही. त्याहून जास्त देणगी म्हणून मागत असतील तर तेही घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.